‘दुसरा कान चांगला आहे ना?’

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीच्या दहा वर्षांच्या लेकीने आजीचा फोन डाव्या कानाला लावला आणि म्हणाली, ‘आजी, तुझा फोन बिघडलाय.’ फोन बिघडला नव्हता. तपासणी झाली, ऑडिओग्राम हातात आला. उजव्या कानाचे लाल गोल सगळे वरच्या रेघेला लागून, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या पार तळाशी. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कागद पाहिला आणि भाचीला धीर दिला : ‘काळजी करू नका. दुसरा कान चांगला आहे ना? एका कानावर माणसाचं काही अडत नाही. मशीन वगैरे काही लागणार नाही.’ भाचीने घरी येऊन हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी गालगुंड झालं आणि त्यात माझा डावा कान गेला, तेव्हा दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या आईला हेच सांगितलं होतं.

हे वाक्य कोणी दुष्टपणाने बोलत नाही. त्याच दवाखान्याच्या त्याच बाकावर दोन्ही कान नसलेली, वाचाच न फुटलेली मुलं बसलेली असतात. त्यांच्या आयांचे चेहरे रोज पाहणाऱ्या डॉक्टरांना आमची तक्रार लहान वाटली, तर मला ते समजतं. पण लहान तक्रार म्हणजे तक्रारच नाही, असं होत नाही. आणि ‘काही लागणार नाही’ हा सल्ला वैद्यकीय ज्ञानाच्या कसोटीवर आज टिकत नाही, तेव्हाही फारसा टिकला नसता. म्हणून हा प्रतिवाद.

त्या वाक्यात चूक आहे ती उत्तरात नाही, प्रश्नात आहे. ऑडिओग्राम विचारतो : शांत, बंद खोलीत, हेडफोनमधून, एका वेळी एक सूर ऐकू येतो का? येतो. भाचीच्या लेकीला उत्तम येतो. पण ती त्या खोलीत राहत नाही. ती चाळीस मुलांच्या वर्गात बसते, रिक्षातून जाते, मधल्या सुट्टीत आरडाओरड्यात डबा खाते. तिथे प्रश्न वेगळे असतात : आवाज कुठून आला, कोणाचा होता, आणि बाकीच्या कल्लोळातून तेवढाच कसा वेचायचा. या तिन्ही कामांना दोन कान लागतात.

ते कसं, हे नीट सांगायला हवं, कारण ‘एक गेला तर निम्मं ऐकू येतं’ असं लोकांना वाटतं आणि तेही खरं नाही. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला पोचायला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशीर होतो. मेंदू एवढ्याशा उशिरावरून दिशा काढतो. दुसरी खूण डोक्याच्या सावलीची. जाडे, खर्जातले आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडे पोचतात. बारीक, तीव्र आवाज डोक्याला अडतात आणि पलीकडच्या कानाशी २० डेसिबलपर्यंत क्षीण होतात. या दोन खुणांचा सिद्धान्त लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्ये मांडला. ही काही नवी गोष्ट नाही. आता भाषेकडे पाहा. शब्दाचा जोर स्वरांत असतो, ते खालच्या पट्टीत असतात; शब्दाचा अर्थ ओळखू येतो तो बहुतांशी व्यंजनांवरून, आणि स, श, त, ठ, फ, क यांची ओळख वरच्या पट्टीत असते. म्हणजे बहिऱ्या बाजूने कोणी बोललं, तर आवाज माझ्या चांगल्या कानापर्यंत येतो, पण व्यंजनं वाटेत गळून पडतात. ‘कोणीतरी बोललं’ हे कळतं, काय ते कळत नाही.

मी तीस वर्षं बँकेत काउंटरवर काढली. डाव्या अंगाला उभं राहून कोणी ‘साठ हजार’ म्हटलं, तर ते ‘सात’ की ‘साठ’ हे मी कानाने कधीच ठरवू शकले नाही. मान वळवायची, ओठ पाहायचे, पुन्हा विचारायचं, मग स्लिपवर लिहून घ्यायचं. पैसे कधी चुकले नाहीत. पण संध्याकाळी घरी आल्यावर मी अर्धा तास कोणाशी बोलू शकत नसे, इतकं डोकं शिणलेलं असे. ‘काही अडत नाही’ या शब्दांत हा अर्धा तास कुठे धरलाय?

लग्नाच्या पंगतीत मी डावीकडचं टोक पकडते, म्हणजे सगळे शेजारी उजवीकडे येतात. ते टोक मिळालं नाही, तर डावीकडची बाई पहिल्या वाढपापासून ताकापर्यंत माझ्याशी बोलत राहते आणि मी तिच्याकडे बघतही नाही. माझी एक जाऊबाई अशा एका पंगतीनंतर दोन वर्षं माझ्याशी तुटक वागली. मी शिष्ट आहे, असं तिचं मत झालं होतं. मुलगा तान्हा होता तेव्हा मी रात्री डाव्या कुशीवरच झोपत असे. उजव्या कुशीवर वळले की चांगला कान उशीत जाई, आणि मग मूल रडून लालबुंद झालं तरी मला पत्ता नसे. गाडी चालवताना शेजारी बसलेला माणूस नेमका बहिऱ्या बाजूला येतो. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू येतो, कुठून येतो ते नाही. अशा वेळी पाय आपोआप थबकतात, आणि रस्त्याच्या मधोमध थबकणं ही सगळ्यांत वाईट गोष्ट असते.

यावर दुसरा बचाव असतो तो मुलांच्या नावाने : ‘मुलं जुळवून घेतात.’ घेतात, हे मान्य. एका कानाची पुष्कळ मुलं छान शिकतात, मोठी होतात. कोणा आईने हे वाचून रात्रीची झोप घालवू नये. पण जुळवून घेणं फुकट होत नसतं. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये फ्रेड बेस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एका कानाचा दोष असलेल्या ६० मुलांची शाळेतली प्रगती तपासली. त्यांतली ३५ टक्के मुलं किमान एकदा एका वर्गात नापास झालेली निघाली. तोवर या क्षेत्रातली पाठ्यपुस्तकंसुद्धा एका कानाकडे दुर्लक्ष करा म्हणत. २०१० मध्ये सेंट लुइसच्या ज्युडिथ लियू यांनी अशा ७४ मुलांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली, म्हणजे घर, भाषा, आईबाप सगळं सारखं. तरी बोलीभाषेच्या चाचणीत एका कानाची मुलं मागे पडली. भाचीच्या लेकीच्या प्रगतिपुस्तकात चार वर्षं एकच शेरा आहे : ‘वर्गात लक्ष नसते.’ तो शेरा लिहिणाऱ्या बाईंना दोष कसा देऊ? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण ज्यांना ऑडिओग्राम वाचता येतो, त्यांनी तो वाचून ‘काही लागणार नाही’ म्हणावं, हे मला मान्य नाही.

‘काही लागणार नाही’ मध्ये आणखी एक आळस दडलेला असतो. एका कानाचे सगळे रुग्ण एकाच टोपलीत टाकले जातात. कान ठार गेला आहे की थोडा शिल्लक आहे, दोष पडद्यात-हाडांत आहे की आतल्या नसेत, जन्मापासूनचा आहे की गेल्या महिन्यातला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. त्या कानात कामापुरतं ऐकणं शिल्लक असेल, तर साधं श्रवणयंत्र त्याच कानाला लावणं हा पहिला आणि सर्वांत सरळ उपाय आहे. त्यातून दोन कानांचे फायदे थोडेतरी परत मिळतात. तरी ‘दुसराही गेला की मग बघू’ असं सांगितलेले कितीतरी लोक मला भेटले आहेत. पडद्याला भोक आहे किंवा आतली छोटी हाडं जागची सरकली आहेत, तर शस्त्रक्रियेने कान सुधारण्याची शक्यता असते. कानाची वाटच जन्मतः बंद असेल, तर हाडामार्फत आवाज पोचवणारं यंत्र उत्तम चालतं, आणि लहान बाळाला ते शस्त्रक्रियेविना, डोक्याभोवतीच्या मऊ पट्ट्यावर बसवता येतं.

कान ठार गेलेला असेल, तिथे खरा वाद सुरू होतो. तिथे समोरच्या पक्षाचा मुद्दा बळकट आहे आणि तो मी पुरा मांडते. ते म्हणतात : मेलेल्या कानाला कितीही मोठा आवाज दिला तरी उपयोग नाही. मग उरतं ‘क्रॉस’ नावाचं यंत्र. बहिऱ्या कानामागे एक मायक्रोफोन बसवायचा, त्याने तिकडचा आवाज उचलून बिनतारी पद्धतीने चांगल्या कानावरच्या यंत्राकडे पाठवायचा. म्हणजे ऐकतो तो शेवटी एकच कान. दिशा कळत नाही ती नाहीच कळत. शिवाय गोंगाट बहिऱ्या बाजूला असेल, तर एरवी डोक्याच्या सावलीत अडलेला तो गोंगाट हे यंत्र उचलून चांगल्या कानात ओततं. म्हणजे काही वेळा नुकसानच. आणि किंमत साध्या यंत्रापेक्षा जास्त, कारण दोन्ही कानांवर काहीतरी घ्यावं लागतं. मग कशाला?

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. क्रॉसची कल्पना हार्फर्ड आणि बॅरी यांनी १९६५ मध्ये मांडली, तेव्हा चष्म्याच्या काड्यांतून तार नेत असत. साठ वर्षं ती टिकली, ती दिशा कळते म्हणून नव्हे. ती टिकली कारण पंगतीतली डावीकडची बाई ऐकू येते. गाडीतला शेजारी ऐकू येतो. बैठकीत जागेसाठी धडपडावं लागत नाही. डोक्याची सावली पुसली जाते, आणि सावलीत अडकलेली व्यंजनं पोचतात. हा मर्यादित फायदा आहे. पण ज्याच्या आयुष्याची एक बाजू मुकी आहे, त्याला तो लहान वाटत नाही. मी पन्नाशी ओलांडल्यावर क्रॉस घेतलं. भाजीबाजारात ते काढून ठेवते, बैठकीत आणि जेवताना लावते. ‘कुठे लावायचं नाही’ हे शिकायला मला दोन महिने लागले, आणि तेवढं शिकवणं हे यंत्र देणाऱ्याचं काम असायला हवं होतं.

हाडावाटे जाणारी यंत्रंही ठार गेलेल्या कानाच्या बाबतीत हेच काम वेगळ्या वाटेने करतात. टायटॅनियम हाडात रुजतं, हे ब्रोनेमार्क यांचं संशोधन दातांच्या रोपणात वापरलं जातं; त्याच आधारावर १९७७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला कानामागच्या हाडात पहिली रोपणं झाली. बहिऱ्या बाजूच्या हाडाला दिलेला कंप कवटीतून फारसा न घटता पलीकडच्या जिवंत कानात पोचतो. चांगल्या कानात काहीही घालावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. दिशा इथेही परत येत नाही. शस्त्रक्रियेआधी पट्ट्यावर बसवून ते आठवडाभर वापरून पाहता येतं, आणि तसं पाहिल्याशिवाय कोणी सुरीखाली जाऊ नये.

बहिऱ्या बाजूलाच पुन्हा जाग आणणारा उपाय आज एकच आहे : कॉक्लियर इम्प्लांट. एका कानासाठी इम्प्लांट ही कल्पना पुढे आली ती कानातल्या असह्य शिट्टीवर इलाज म्हणून. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या गटाने २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती शिट्टी कमी झालीच, शिवाय रुग्णांना त्या बाजूने ऐकूही येऊ लागलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१९ मध्ये पाच वर्षांवरच्या एका कानाच्या बहिऱ्यांसाठी त्याला मान्यता दिली. काही अंशी दिशाही कळू लागते. पण खर्च काही लाखांत जातो, नंतर महिनोन् महिने सराव लागतो, आणि कान जाऊन जितकी वर्षं लोटली तितकी आशा कमी. माझ्यासाठी ती गाडी निघून गेली आहे. भाचीच्या लेकीचं एमआरआय झालं तेव्हा कळलं, तिच्या डाव्या बाजूची श्रवणाची नसच जन्मतः नीट तयार झालेली नाही. जन्मजात एका कानाच्या दोषात हे बऱ्याचदा आढळतं. म्हणजे तिच्याही वाट्याला इम्प्लांट नाही. पण हे ‘नाही’ तपासणीअंती आलं. ‘दुसरा कान चांगला आहे ना’ म्हणून आलं असतं, तर ज्या मुलाची नस शाबूत आहे आणि ज्याच्या हातात कोवळी वर्षं आहेत, त्याचीही वेळ अशीच निघून गेली असती.

इथे एक गोष्ट ओघात आली तरी ठासून सांगते. मोठ्या माणसाचा एक कान अचानक, एका रात्रीत गेला, तर ‘दडा बसला असेल, सर्दी असेल, उतरेल’ म्हणत आठवडा घालवू नये. ती तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा, पहिल्या काही दिवसांतच. दुसरा कान चालू असल्यामुळे माणूस फोन घेतो, कामावर जातो, आणि उपचाराची वेळ टळते. तसंच, एकाच बाजूचं ऐकणं हळूहळू कमी होत असेल, तर नसेवर गाठ नाही ना हे पाहायला हवं. आणि गालगुंडाची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही, तिथे गोवर-रुबेलाचीच आहे. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात मात्र ती आहे. माझा कान ज्याने गेला, त्याला आपण अजून ‘मुलांना होतंच’ म्हणतो.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बहिरेपणाची व्याख्या दोन्ही कानांत ७० डेसिबल अशी आहे, आणि कमी ऐकू येण्याची दोन्ही कानांत ६० ते ७०. टक्केवारी काढताना चांगल्या कानाचा दोष पाचने गुणतात, त्यात वाईट कानाचा मिळवतात आणि सहाने भागतात. भाचीच्या लेकीचा हिशेब करा : शून्य गुणिले पाच, अधिक शंभर, भागिले सहा. सुमारे १७ टक्के. सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर आहे आणि केंद्राच्या ज्या योजनेतून गरजूंना श्रवणयंत्रं मिळतात, तिलाही तोच ४० टक्क्यांचा दाखला लागतो. म्हणजे एक कान शंभर टक्के गेलेलं मूल कागदावर कधीच त्या रेघेच्या जवळपासही पोचू शकत नाही. मला तिच्यासाठी नोकरीतलं आरक्षण नको आहे; दोन्ही कान नसलेल्यांचा वाटा कमी करून काही नको. पण गरीब घरातल्या अशा मुलाला वर्गापुरतं एक साधन मिळावं, एवढी सोय या सूत्रात बसत नसेल, तर सूत्राशेजारी एक ओळ वाढवावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या श्रवणविषयक अहवालात ‘एका कानाचा श्रवणदोष’ हा स्वतंत्र वर्ग केला : चांगला कान २० डेसिबलच्या आत, वाईट कान ३५ किंवा त्याहून वर. आपल्याकडे त्या वर्गाला अजून नावच नाही.

ते वर्गातलं साधन कोणतं, तेही सांगते, कारण शाळकरी मुलांसाठी मला ते क्रॉसहूनही आधीचं वाटतं. शिक्षकांच्या गळ्यात किंवा कॉलरला छोटा मायक्रोफोन, मुलाच्या चांगल्या कानात हलकासा रिसीव्हर. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या तरी त्यांचा आवाज शेजारून आल्यासारखा येतो, वर्गाचा गलका मागे पडतो. क्रॉस लावलेल्या मुलाला गोंगाटाची बाजू ओळखून जागा बदलता यायला हवी, आणि वर्गात मुलाला उठून जागा बदलता येत नाही. जागा बदलून देणं तर मोफत आहे : डावा कान गेलेल्या मुलाला डावीकडच्या पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे उजवा कान वर्गाकडे आणि बाईंकडे राहतो, आणि डावीकडे खिडकी असेल तर रस्त्याचा आवाज बहिऱ्या कानावर पडतो. तितकाच मोफत दुसरा उपाय फोनमध्ये आहे. स्टिरिओ गाण्याचा अर्धा भाग मेलेल्या कानात जातो. सेटिंगमध्ये ‘मोनो’ केलं की सगळं एका कानात येतं. मी हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी शिकले आणि लहानपणापासून ऐकलेल्या एका गाण्यातली बासरी मला पहिल्यांदा ऐकू आली.

माझा प्रतिवाद दुसऱ्या बाजूलाही आहे. ‘हे लावा, दोन्ही कानांनी ऐकू येईल’ असं सांगून क्रॉस विकणारे ‘काही लागणार नाही’ म्हणणाऱ्यांइतकंच नुकसान करतात. तो माणूस घरी जातो, दिशा कळत नाही, बाजारात डोकं उठतं, यंत्र कपाटात जातं, आणि पुढची वीस वर्षं तो सगळ्यांना सांगतो की एका कानावर इलाज नाही. विकत घेण्याआधी यंत्र निदान दोन आठवडे घरी मिळालं पाहिजे. दुकानातल्या शांत खोलीत ‘येतंय का ऐकू?’ विचारून काही कळत नाही. तो पुन्हा ऑडिओग्रामचाच प्रश्न झाला. ज्या जागी अडतं त्या जागी लावून पाहावं : जेवणाच्या टेबलावर, गाडीत, वर्गात, रस्त्यावर. वयस्क माणसांचा तर चांगला कानही हळूहळू उतरत असतो. त्यांच्यासाठी दोन्ही कामं एकत्र करणारा ‘बायक्रॉस’ असतो, आणि त्यांना ‘दुसरा चांगला आहे’ हे सांगणं साफ खोटं ठरतं.

भाचीच्या लेकीला आता तीन आठवड्यांसाठी क्रॉस मिळालं आहे, चाचणीला. शाळेच्या मायक्रोफोनबद्दल मुख्याध्यापकांशी बोलणं चालू आहे. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी तिला एक वही दिली आहे : कुठे लावलं, कुठे काढलं, का. मी परवा ती वाचली. ‘स्कूल व्हॅन : काढलं. इंजिन डावीकडून कानात येतं.’ ‘मैदान : काढलं.’ ‘नृत्याचा तास : माहीत नाही.’ ‘आजीच्या उजवीकडे जेवायला बसले : लावलं. आजी हळू बोलते. ती जेवताना गोष्ट सांगते, हे मला माहीत नव्हतं.’